नख अडकतं तिथे

"याला लोखंड कुणी लावलं?" डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या तोंडातला त्यांचा छोटा आरसा जागच्या जागी थांबला.

प्रश्न मला नव्हता. असता तरी मला उत्तर देता आलं नसतं. गालाच्या आत दोन आणि जिभेखाली एक अशा कापसाच्या तीन गुंडाळ्या होत्या, उजवीकडचा ओठ ओढून धरलेला होता आणि वरचा दिवा डोळ्यांत येत होता म्हणून मी डोळे अर्धे मिटले होते. प्रश्न प्रभावतीबाईंना होता. त्या माझ्या डाव्या बाजूला ट्रे धरून उभ्या होत्या. ट्रेमधलं काहीतरी एकदा किणकिणलं आणि थांबलं. बाहेर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्यातरी कंपनीची बस थांबली आणि पुन्हा निघाली. तो आवाज ऐकून माझा उजवा पाय खुर्चीवरच किंचित हलला, बस पकडायची असल्यासारखा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण पायाला अजून ते कळलेलं नाही. मग मला शर्टाच्या खिशातल्या चष्म्याच्या घराची आठवण झाली. खुर्ची मागे कलती केलेली असल्यामुळे ते सरकून बरोबर छातीच्या मध्यावर आलं होतं, आणि श्वास घेतला की त्याचं वजन कळत होतं. त्यात चष्मा नव्हता. चष्मा प्रभावतीबाईंनी मघाशीच काढून खिडकीत ठेवला होता.

"बाई, मी तुम्हाला विचारतोय."

"पांढऱ्या ट्रेशिवाय काकांना मी काहीच लावलेलं नाही, डॉक्टर."

"मग ही मान आपोआप खरवडली गेली?"

"ते मला काय माहीत."

"दर पंधरा दिवसांनी इथे हात कुणाचा लागतो? माझा?"

"हात माझाच लागतो," प्रभावतीबाई म्हणाल्या. "लोखंड नाही लागत."

मान म्हणजे माझी नव्हे, त्या पात्याची. माझ्या खालच्या उजव्या दाढा गेल्या तेव्हा कवळी घ्यावी असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पण डॉक्टर अष्टपुत्रे नुकतेच परदेशातून शिकून आले होते. त्यांनी मला टायटॅनियमचं एक लहानसं पातं दाखवलं. ते जबड्याच्या हाडात बसवायचं, हिरडीतून त्याची मान तेवढी वर ठेवायची आणि त्या मानेवर दात चढवायचा. असं काही आपल्या भागात कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी घाबरट माणूस आहे, नव्या हॉटेलात चहा प्यायलाही जात नाही. तरी मी हो म्हणालो, आणि त्याचं कारण डॉक्टरांना कधी कळलं नाही. त्यांनी ते पातं माझ्या हातात दिलं तेव्हा मी सवयीनं त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. चौदा वर्षं मी कंपनीत तपासनीस होतो. घासलेल्या, घोटलेल्या पृष्ठभागावर ओरखडा आहे की नाही ते पाहायचं, एवढंच माझं काम. मोजायला यंत्र होतं, पण माझा भरवसा नखावर. कारखान्यातल्या मशिनशॉपमध्ये मला नखवाले साहेब म्हणत. समोर नाही, पाठीमागे. इतका साफ धातू माझ्या शरीरात राहणार या विचारानं मला एक प्रकारचा मान मिळाल्यासारखं वाटलं होतं.

"काका, दात किडतो, हा किडणार नाही," डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं. "पण याच्याभोवती जंतूंचा थर बसतो. बुळबुळीत, डोळ्यांना दिसत नाही. तो रोज काढायचा. मऊ ब्रश, गॉजची पट्टी, बस. लोखंड लावायचं नाही. ओरखडा पडला की थर त्यात बसतो आणि मग ब्रशला दाद देत नाही. हिरडी सुजते, हाड झिजतं, एक दिवस पातं हलायला लागतं." त्यांच्याकडे दोन ट्रे होते. स्टीलच्या ट्रेमध्ये नेहमीची हत्यारं. पांढऱ्या, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या ट्रेमध्ये प्लॅस्टिकचे वाकड्या टोकाचे आकडे, हाडाची एक पट्टी, बांबूच्या तासलेल्या काड्या. पात्याच्या पेशंटना फक्त पांढरा ट्रे, हा त्यांचा नियम. असे पेशंट तीन, त्यांतला मी एक. पंधरा दिवसांनी एकदा प्रभावतीबाई माझी मान साफ करत. आधी गॉज, मग काडीवरून पेरॉक्साइड, त्याचा पांढरा फेस तोंडात फसफसे, मग हाडाच्या पट्टीनं हिरडीच्या कडेनं हलकेच. त्यांचा हात इतका हलका होता की मला त्या वेळात डुलकी लागायची. त्या दापोडीहून बसनं यायच्या. नवऱ्याचं काम सुटलेलं, दोन मुली शाळेत, एवढं मला माहीत होतं, कारण फेस निवेपर्यंत त्या स्वतःशी बोलल्यासारखं बोलत आणि मला मध्ये बोलता येत नसे. माझ्याशी बोलणं लोकांना तेव्हाच सोपं जात असावं.

डॉक्टरांनी डोळ्यावरचं भिंग खाली ओढलं. त्यांचा श्वास माझ्या कपाळावर येत होता. "बघा. उभे ओरखडे, एकाशेजारी एक, सगळे एकाच दिशेनं. घाईत एखादा लागलेला नाही हा. सवयीचा हात आहे." हे ऐकून, मला सांगायला लाज वाटते, क्षणभर बरं वाटलं. कुणीतरी माझं काम तपासत होतं आणि हात सवयीचा आहे म्हणत होतं. मग घशात लाळ साचली आणि ती गिळता येईना.

सगळं त्या थरापासून सुरू झालं. मार्च महिन्यात एका सकाळी जीभ सहज मानेकडे गेली आणि मला बुळबुळ लागली. रात्री झोपताना घासलेलं होतं. पुन्हा घासलं, संध्याकाळी पुन्हा बुळबुळ. मला ती ओळखीची होती. शॉपमध्ये प्रत्येक मशिनखाली कूलंटची टाकी असायची, कापताना धातू तापू नये म्हणून दुधासारखं पाणी सतत सोडायचं, त्याची. आठवडाभर ते पाणी फिरत राही तोवर ठीक. रविवारी मशिन बंद, पाणी थांबलेलं, आणि सोमवारी सकाळी शॉपमध्ये शिरलं की आत काय झालंय ते नाकच सांगायचं. सडक्या अंड्यासारखा वास. टाकीच्या भिंतींना हात लावला की बोटांना बुळबुळ लागायची आणि साबणानंही सुटायची नाही. पाणी बदललं तरी आठ दिवसांत पुन्हा तेच. मग मी बऱ्याच टाक्या रिकाम्या करून पाहिल्या आणि लक्षात आलं की ज्या टाक्या कामगार तारेच्या ब्रशनं खसाखसा घासत त्याच आधी सडत. एकाहत्तर साली मी नोटीस लिहिली होती: टाक्या तारेच्या ब्रशने घासू नयेत, ओरखड्यांत घाण धरून राहते, फडके व सोडा वापरावा. पोरं नोटीस वाचून हसली. "नखवाल्या सायबानं आता टाक्यांना मालिश करायला सांगितलंय राव." पण वास कमी झाला. तपासनीस म्हणून माझ्या हातून झालेलं ते बहुधा एकच उपयोगाचं काम.

आणि तोच मी. मार्चमध्ये ती बुळबुळ जिभेला लागल्यावर मला ती नोटीस आठवली नाही. कशी आठवली नाही ते मी कितीदा स्वतःला विचारलं आहे. मला सोमवारचा वास मात्र आठवला, आणि तो माझ्या तोंडाला येतोय अशी भीती बसली. वाचनालयात टेबलापाशी कुणी शेजारी येऊन बसलं की मी पुस्तक तोंडासमोर धरायचो. एक दिवस मी हॅकसॉचं मोडकं पातं घेतलं, स्टोव्हवर लाल करून टोक वाकवलं, दगडावर घासून बारीक केलं, ऑइलस्टोनवर धार लावली, मुठीला सुतळी गुंडाळली. इतकं नेटकं हत्यार मी नोकरीत असतानाही केलं नव्हतं. दाढीचा आरसा खिडकीत टांगून रोज आंघोळीनंतर त्या टोकानं मान वरून खाली खरवडायची, चकाकी येईपर्यंत. चकाकी आली की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. पण बुळबुळ आधी संध्याकाळी यायची ती दुपारी यायला लागली, मग जेवणाआधी. जितकी लवकर यायची तितका मी जोर लावायचो. "अहो, तोंडात वर्कशॉप काढलंय का?" शालन स्वयंपाकघरातून ओरडायची. "अर्धा तास झाला, भाजी गार झाली. नवरी बघायला जायचंय का कुठं?" मी हत्यार पुसून चष्म्याच्या घरात ठेवायचो. आज सकाळीही खरवडलं. पाहुणे यायचे म्हणून घर झाडावं तसं, डॉक्टरांनी नाव ठेवू नये म्हणून. इथे येईपर्यंत हिरडीतून रक्त येत होतं.

"मागच्या महिन्यात पांढऱ्या ट्रेमध्ये लोखंडी आकडा सापडला होता की नाही?" डॉक्टर म्हणाले.

"सापडला होता. तो मीच तुम्हाला दाखवला."

"दाखवायच्या आधी किती जणांच्या तोंडात गेला होता?"

"कुणाच्याच नाही."

"शनिवारी पुण्यात पंधरावीस डॉक्टरांसमोर मला ही केस दाखवायची आहे, बाई. तिन्हींत ही एक बरी होती. काय दाखवू? हे?" त्यांनी आरसा ट्रेमध्ये टाकला. ते आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. आवाज उलट खाली गेला होता. "महिना संपेपर्यंत या. मग दुसरीकडे बघा."

मी डोळे उघडले. दिव्याच्या मागे प्रभावतीबाईंची हनुवटी तेवढी दिसत होती. "बघते," त्या म्हणाल्या. "पण हे माझ्या नावावर घालून पाठवू नका. दुसरीकडे विचारतात, का सोडलं म्हणून."

खुर्चीत बसवतानाच डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं होतं, दुखलं तर डावा हात वर करा, बोलू नका. मी डावा हात वर केला.

"दुखलं का, काका?"

माझी मान हलली. मी हलवली असं म्हणायला हवं. हो. दुखलं.

"सॉरी. हवा लागली असेल. सुई देऊ का?" मी नाही म्हणून पुन्हा मान हलवली आणि हात खाली ठेवला. दुखलं नव्हतं. हात वर गेला तेव्हा तो कशासाठी वर गेला होता ते मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्याला दुसरा अर्थ दिला आणि मी तो घेतला. समोर कुणी असा सोपा अर्थ ठेवला की मी तो घेतोच.

अडुसष्ट साली मॅनेजरसाहेबांनी असाच एक ठेवला होता. सिलिंडरची एक बॅच होती, आतून आरशासारखी घोटायची. घोटायच्या मशिनवर चाकणकडचा ज्योतीराम नावाचा कामगार. जेमतेम तिशीचा, शेत भावाकडे सोपवून कंपनीत आलेला, पायजम्याला तेल लागू नये म्हणून पोत्याचा तुकडा कमरेला बांधायचा. बॅच तपासताना चाळीसएक नगांच्या आत उभा ओरखडा मिळाला. मी नख फिरवलं, नख अडकलं, मी लाल खडूनं फुली मारली. रिपोर्ट गेला, ज्योतीरामला केबिनमध्ये बोलावलं, मलाही. "म्या न्हाई वरखाडलं साहेब," तो म्हणाला, "मशिनवरनं उतरताना साफ व्हतं. ह्यांना इचारा, ह्ये नखानं बघत्यात." मॅनेजर माझ्याकडे वळले. "नग तपासायला आले तेव्हा ओरखडे होतेच ना?" मी हो म्हणालो. त्या वेळी मला तसंच वाटत होतं, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. दुपारी मी माझा गेज पुसायला घेतला, सिलिंडरमध्ये घालून भोक मोजायचा तो लोखंडी गोल गेज, आणि त्याच्या कडेवर नख अडकलं. केसाएवढा बर, धातूचा धारदार काटा, उभा राहिला होता. चाळीस वेळा तो मी स्वतःच्या हातानं आत घातला आणि बाहेर ओढला होता. मी इकडेतिकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधला ऑइलस्टोन काढून तीन हात मारले, बर गेला. ज्योतीरामला आठ दिवस घरी बसवलं आणि नंतर ओतीव माल खरडायच्या खात्यात टाकलं, जिथे दिवसभर धूळ उडते. पुढची सहा वर्षं तो गेटवर दिसला की म्हणायचा, "राम राम साहेब." चौऱ्याहत्तरला तो गावी गेला असं कळलं. ते ओरखडे गेजचेच होते का? कदाचित थोडे आधीचेही असतील. हे ‘कदाचित’ मी तेरा वर्षं घोटत आलो आहे आणि त्याच्यावर अजून नख अडकतं.

"केसपेपर घ्या," डॉक्टर म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा. तारीख घाला. सफाईच्या वेळी मदतनिसाकडून धातूचं हत्यार वापरलं गेल्यामुळे मानेवर ओरखडे. लिहिलं?"

पेनाचं टोक कागदावर टेकल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पुन्हा हात वर केला. "झालंच, काका, दोन मिनिटं धरा," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. हात तसाच राहिला. माझ्याच हाताकडे मी खालून पाहत होतो. उतारवयातला, शिरा वर आलेला, अंगठ्याचं नख अजून एका बाजूला तिरकं झिजलेलं. छातीवरचं चष्म्याचं घर वर जात होतं, खाली येत होतं. शनिवारी डॉक्टर पुण्याला जातील, महिना संपेल, मी पंधरा दिवसांनी पुन्हा इथे येईन, दुसरी कुणी बाई असेल. कुणालाच कळणार नाही. शालनलाही नाही. हत्यार नदीत टाकलं की झालं. किती सोपं होतं. पेन चालत होतं. मग थांबलं.

"एवढं मी नाही लिहिणार," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहा. मालक आहात. माझ्या हातानं नाही."

मी तोंडात बोटं घातली आणि कापूस ओढून काढला. एक गुंडाळी ओठाला चिकटली, एक मांडीवर पडली, लाळ आणि रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. "मी," असं म्हणालो. आवाज माझाच मला ओळखू आला नाही. "मी घासलं. घरी. रोज."

डॉक्टरांनी मला खांद्याला धरून मागे टेकवलं. "काका, तुम्ही मध्ये पडू नका. बाईंसाठी तुमचा जीव तुटतो ते मला समजतं. पण हा प्रश्न दवाखान्याचा आहे."

मी चांगला आहे म्हणून खोटं बोलतो आहे, असं त्यांना वाटलं. हाही एक सोपा अर्थ होता, आणि आत्तापर्यंतच्या सगळ्यांहून गोड. मी खिशातून चष्म्याचं घर काढलं. उघडलं. ते आकड्याचं टोक दिव्याखाली चमकलं. सकाळी पुसताना राहिलेला रक्ताचा एक ठिपका सुतळीवर तपकिरी झाला होता.

डॉक्टरांनी ते चिमटीत घेतलं. भिंगाखाली टोक पाहिलं, मग वाकून माझ्या तोंडात पाहिलं, मग पुन्हा टोक. माझा रिपोर्ट वाचून मॅनेजर असेच थांबत. "हे तुम्ही केलंत?"

"हो."

"धार?"

"ऑइलस्टोनवर."

"तीनदा सांगितलं होतं मी तुम्हाला. तीनदा! वाचनालयात बसणारे तुम्ही, काका."

"चकाकी आली की वाटायचं, साफ झालं," मी म्हणालो. टाक्यांची नोटीस सांगावी असं मनात आलं, पण ती सांगितली असती तर माझीच बाजू मांडल्यासारखं झालं असतं, म्हणून सांगितली नाही.

डॉक्टरांनी प्रभावतीबाईंच्या हातून केसपेपर घेतला, लिहिलेल्या अर्ध्या ओळीवर काट मारली. "घोटून बघू," ते माझ्याशी बोलले, पण बघत कागदाकडेच होते. "रबरानं, पावडर लावून. ओरखडे गेले तर गेले. नाहीतर पातं काढायचं, आणि त्याच्याबरोबर थोडं हाडही जाईल. शनिवारी दुसरी केस दाखवीन." दाराशी जाऊन ते थांबले. "बाई, पांढरा ट्रे घ्या. काकांचं साफ करून घ्या तोवर." आणि हात धुवायला आत गेले. एवढंच. त्याहून जास्त त्यांना जमलं नाही, आणि त्यांना नावं ठेवणारा मी कोण.

प्रभावतीबाईंनी माझं हत्यार चिमट्यानं उचललं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलं. मांडीवरचा कापूस उचलला. हनुवटी पुसली. नवा कापूस गालात सारला. आभार मानल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि मी ते शोधत होतो हे लक्षात आल्यावर मी नजर काढून घेतली.

"उघडा. मोठं."

गॉजची पट्टी मानेभोवती फिरली. फेस आला. एरवी त्या मुलींच्या शाळेचं काहीतरी सांगत. आज आतल्या नळाचा आवाज तेवढा येत होता. फेस निवला. हाडाची पट्टी हिरडीच्या कडेला टेकली तेव्हा त्या बोलल्या.

"मघाशी दोनदा हात वर केलात, काका."

मी वर पाहिलं. त्या माझ्या तोंडात पाहत होत्या.

"पहिल्या वेळी खरंच दुखत होतं का?"

माझ्या तोंडात कापूस होता. त्यांना ते माहीत होतं. डोळ्यांनी उत्तर देता येतं की नाही मला ठाऊक नाही, त्यांनी डोळ्यांकडे पाहिलंच नाही. उत्तरासाठी त्या थांबल्याही नाहीत. पट्टी ओरखड्यांवरून खाली गेली आणि सुजलेल्या हिरडीत टेकली. त्यांचा हात नेहमीसारखा हलकाच होता. पण सकाळी मी जिथे जोर लावला होता तिथे आग उठली, जबड्यातून कानापर्यंत गेली, आणि डोळ्यांत पाणी आलं. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तो मी वर केला नाही.